मांडवाखालची सोयरीक: दूरच्या उंच द्राक्षप्रदेशांशी पर्यटनाची भागीदारी कशी जुळवावी

नाशिकच्या वायनरीत येणारा पाहुणा बहुतेक वेळा शनिवारी दुपारी पोचतो. टेस्टिंग रूममध्ये पाच-सहा वाइन चाखतो, बागेच्या कडेला उभा राहून फोटो काढतो, रात्री जेवतो आणि रविवारी दुपारच्या आत मुंबई-पुण्याच्या रस्त्याला लागतो. सुलाने २००५ मध्ये गंगापूर धरणाजवळ टेस्टिंग रूम उघडली, तेव्हापासून गर्दी कितीतरी वाढली. मुक्काम मात्र त्या मानाने वाढलेला मला दिसत नाही. दूरच्या एखाद्या द्राक्षप्रदेशाशी भागीदारी करायची तर ती या पाहुण्याला आणखी एक रात्र थांबवण्यासाठी करावी. एवढा हेतू आधी पक्का केला की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. हा लेख नाशिक, दिंडोरी, निफाडकडच्या बागायतदारांसाठी आहे, तसाच वायनरीत पाहुणचार सांभाळणाऱ्यांसाठी, होमस्टेवाल्यांसाठी आणि छोट्या सहल कंपन्यांसाठीही आहे.

अशा भागीदारीची सुरुवात बऱ्याचदा भलत्याच टोकापासून होते. शिष्टमंडळ जातं, सामंजस्य करारावर सह्या होतात, शाली आणि स्मृतिचिन्हं दिली-घेतली जातात आणि वर्षभराने तो करार कुठल्या फायलीत आहे हे दोन्हीकडे कुणालाच ठाऊक नसतं. कारण करारात ‘परस्पर पर्यटन वाढवणे’ असं लिहिलेलं असतं आणि ते दोघांच्याही हातात नसतं. अर्जेंटिनातल्या कालचाकी खोऱ्याचं उदाहरण घ्या. मुंबईहून विमान बदलत ब्युनोस आयरेस, तिथून देशांतर्गत विमानाने साल्ता, आणि साल्ताहून सुमारे १९० किलोमीटर मोटारीने काफायाते. एवढा प्रवास करून वर्षाला किती नाशिककर तिकडे जातील आणि किती साल्ताकर इकडे येतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा पाहुण्यांची देवाणघेवाण हे जोडउत्पन्न समजावं. खरी देवाणघेवाण माणसांची, कसबाची आणि गोष्टीची.

आता सोयरीक कुणाशी? ‘उंचावरची वाइन’ म्हटल्यावर लोक आकड्यांच्या मागे लागतात. कालचाकी खोऱ्यात काफायाते सुमारे १,७०० मीटरवर आहे, कोलोमे ही १८३१ सालची वायनरी २,३०० मीटरवर आणि तिचीच ‘आल्तुरा माक्सिमा’ नावाची बाग ३,१११ मीटरवर. बोलिव्हियातलं तारिखा १,८०० मीटरच्या वर आहे. चीनच्या युन्नानमध्ये मेकाँगच्या वरच्या खोऱ्यात ‘आओ युन’च्या बागा २,२०० ते २,६०० मीटरवर आहेत. त्यांच्यापुढे नाशिकचे साधारण ६०० मीटर म्हणजे काहीच नाहीत, आणि ते लपवूही नये. इटलीतल्या आओस्ता इथे १९८७ पासून चेर्विम नावाची संस्था डोंगराळ द्राक्षशेतीसाठी काम करते. तिच्या निकषात ५०० मीटरहून जास्त उंची, तीस टक्क्यांहून जास्त उतार, पायऱ्यापायऱ्यांच्या बागा यांपैकी काहीतरी असावं लागतं. मात्र उंचीच्या निकषातून पठारं वगळलेली आहेत. म्हणजे दख्खनच्या पठारावरचं नाशिक तिथे केवळ उंचीवर बसत नाही. बाहेर जाऊन ‘आम्हीही हाय ऑल्टिट्यूड’ असं मिरवलं तर जाणकार माणूस पहिल्याच भेटीत दूर होईल.

मग सांगायचं काय? खरं तेच सांगायचं. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. वाइनच्या द्राक्षाला एरवी न मानवणारा हा पट्टा. काफायातेही विषुववृत्ताच्या दक्षिणेला २६ अंशांवर, तसं उष्णच. दोन्हीकडे वाइन जमते ती उंचीने दिलेल्या गार रात्रींमुळे. साधारण हजार मीटर चढलं की हवेचं तापमान साडेसहा अंशांनी उतरतं आणि अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. दिवसा कडक ऊन, रात्री थंडी. द्राक्षाची साल जाड होते, रंग गडद होतो आणि आंबटपणा टिकून राहतो. नाशिकमध्ये हे काम उंचीच्या जोडीला जानेवारीची थंडी करते. उंची वेगळी, पण उन्हाशी झगडण्याची रीत ओळखीची. हे सांगितलं की समोरचा बागायतदार खुर्ची पुढे ओढून बसतो.

भागीदारीचा विषय जितका अरुंद तितकी ती टिकते. ‘वाइन आणि संस्कृती’ या विषयावर दोन गावं वर्षभर काय बोलणार? त्याऐवजी एकच वस्तू धरावी. माझी पसंती मांडवाला आहे. आपल्याकडे द्राक्षाचा मांडव कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खाण्याच्या द्राक्षाच्या कितीतरी बागा आजही मांडवावर आहेत, वाइनच्या द्राक्षाला मात्र तारांच्या उभ्या रांगा आल्या. काफायातेत तोरोंतेस या पांढऱ्या द्राक्षाच्या जुन्या वेली मांडवावरच आहेत. तिथे त्याला पार्राल म्हणतात. माणूस सहज खालून चालत जाईल एवढी उंची, वर पानांचं छत आणि घड सावलीत लटकलेले. तिथल्या उन्हात घड उघडा राहिला तर भाजून निघतो, म्हणून ही सावली.

आता आओस्ता खोऱ्यातल्या मोर्जे आणि ला साल या गावांचा मांडव पाहा. माँ ब्लाँच्या पायथ्याशी, ९०० ते १,२०० मीटरवर, प्रिए ब्लाँ नावाचं द्राक्ष. इथला मांडव इतका बुटका की त्याखाली उभं राहता येत नाही. दगडी खांब, त्यावर लाकडाच्या आडव्या काठ्या आणि काढणी करणारा माणूस वाकून, गुडघ्यावर बसून घड तोडतो. वेल जमिनीलगत ठेवायची, कारण दिवसा तापलेली माती रात्री जी ऊब परत देते ती घडाला मिळावी. वरून वारा आणि बर्फ यांचा मारही कमी बसतो. काफायातेचा मांडव उन्हापासून पळण्यासाठी, मोर्जेचा मांडव ऊब गोळा करण्यासाठी. मोर्जेच्या वेलींची आणखी एक गोष्ट नाशिकच्या बागायतदाराला थांबून ऐकावीशी वाटेल. फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड तिथे पोचलीच नाही, त्यामुळे तिथली वेल आजही स्वतःच्या मुळावर उभी आहे. आपल्याकडे आता बहुतेक बागा डॉगरिजसारख्या खुंटावरच लावतात.

बोलिव्हियातल्या सिन्ती खोऱ्यात तर मांडवही नाही. तिथे जुनी वेल मोयेच्या झाडावर चढवतात, कोकणात मिरवेल चढवतात तशी.

हे सगळं पाहुण्याला दाखवायला किती खर्च येतो? वायनरीच्या कोपऱ्यात आठ-दहा फूट लांबीचा बुटका मांडव मोर्जेच्या मापाने बांधा, शेजारी आपला नेहमीचा मांडव ठेवा आणि दोन्हींखाली एकेक वेल लावा. पाहुण्याला आधी उभ्याने आणि मग वाकून घड तोडायला लावा. दोन मांडवांमधला फरक त्याच्या कमरेला कळेल आणि तो तिथे तासभर रमेल. भागीदार गावाने त्याच्याकडे नाशिकचा मांडव उभारावा. खांबांमधलं अंतर, तारेची जाडी, छाटणीची उंची हे एकमेकांना नीट कळवावं लागतं, आणि या पत्रव्यवहारातूनच माणसं एकमेकांना ओळखू लागतात.

दुसरा चांगला विषय म्हणजे एकच द्राक्ष वेगवेगळ्या उंचीवर. काबर्ने सोव्हिन्यॉं नाशिकमध्ये आहे, काफायातेत आहे आणि आओ युनच्या वाइनचा तर तो मुख्य आधार आहे. ६००, १,७०० आणि २,४०० मीटर, असे तीन पेले शेजारी ठेवले की उंची म्हणजे काय हे व्याख्यानाशिवाय कळतं. पण इथे कायद्याचा भाग आधी पाहावा. परदेशी बाटली पाहुण्याला विकायची किंवा चाखायला द्यायची तर ती परवानाधारक आयातदाराकडून, शुल्क भरून आणि राज्यात नोंद होऊन आलेली असावी लागते. प्रवासी म्हणून दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, पण ते स्वतःसाठी. त्याची टेस्टिंग भरवता येत नाही. शिवाय महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात मद्याच्या जाहिरातीवर निर्बंध आहेत, तेव्हा दोन प्रदेशांचं एकत्र पत्रक काढताना त्यात गाव, डोंगर, बाग आणि जेवण असावं, बाटली नसावी. आणि ३० जानेवारीला ड्राय डे असतो हे भागीदाराला पहिल्याच पत्रात कळवा. आपल्या काढणीच्या ऐन हंगामात तो येतो आणि परदेशी पाहुण्यांचा गट नेमका त्या दिवशी येऊन बसला तर सगळ्यांचाच विरस होतो.

प्रत्यक्ष पर्यटक पाठवायचेच असतील तर माझ्या मते आर्मेनियाकडे पाहावं. येरेवानपासून आरेनी हे गाव मोटारीने दोन तासांच्या आत आहे, भारतीयांना ई-व्हिसा मिळतो आणि अलीकडे बरेच मराठी पर्यटक कॉकेससच्या सहलीला जातातही. वायोत्स द्झोर प्रांतातल्या बागा हजार मीटर आणि त्याहून वर आहेत. आरेनीच्या गुहेत सुमारे ६,१०० वर्षांपूर्वीची वाइन बनवण्याची जागा सापडली, तिची माहिती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. मातीचं उथळ, उतरतं कुंड, त्यात पायाने द्राक्षं तुडवायची आणि रस ओघळून जमिनीत पुरलेल्या रांजणात जायचा. गुहेच्या बाहेर आलं की रस्त्याकडेला गावातल्या बायका घरची वाइन सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून विकायला बसलेल्या असतात. जवळच तांबड्या कड्यांच्या घळीत नोरावांकचा तेराव्या शतकातला मठ आहे. ज्या सहल कंपनीच्या यादीत आर्मेनिया आधीपासून आहे तिने या मार्गावर आरेनीतल्या एका घरचं जेवण आणि एका वायनरीत एक मुक्काम घालावा. परतलेल्या गटाला नाशिकच्या भागीदार वायनरीत एका संध्याकाळचं आमंत्रण द्यावं. हा गट एकमेकांना ओळखतो, एकत्र येतो आणि हमखास मुक्कामी राहतो.

आर्मेनियाशी सांगायला जुनी ओळखही आहे. आर्मेनियन व्यापारी शतकानुशतकं भारतात होते. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ‘अझदारार’ १७९४ मध्ये मद्रासमध्ये निघालं, आणि मुंबईच्या फोर्टमध्ये आर्मेनियन चर्च आजही उभं आहे. येरेवानहून आलेल्या पाहुण्याला नाशिकला नेण्याआधी ते दाखवा.

आता वेळापत्रकाकडे येतो, कारण भागीदाऱ्या इथेच मोडतात. आपली बाग उत्तर गोलार्धात असूनही दक्षिणेसारखी वागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि वाइनच्या द्राक्षाची काढणी जानेवारी ते मार्च. आओस्ता आणि आर्मेनियात काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, जानेवारीत तिथल्या वेली बर्फात झोपलेल्या असतात. त्यांची माणसं तेव्हा मोकळी आणि आपल्याला हातांची गरज. ही जोडी उत्तम जमते. कालचाकीचं तसं नाही. तिथली काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याशी टक्कर घेते, पण उंच बागांवर ती एप्रिलपर्यंत लांबते. तोवर आपल्या तळघरातलं आंबवण्याचं काम उरकलेलं असतं. बागेचा माणूस खरड छाटणीत अडकलेला असला तरी तळघरातला किंवा टेस्टिंग रूममधला माणूस जाऊ शकतो.

कुणाला पाठवावं याबद्दल माझं मत ठाम आहे. मालकाने किंवा मार्केटिंगच्या साहेबाने पहिल्या फेरीत जाऊ नये. पाहुण्यांसमोर रोज उभी राहणारी मुलगी किंवा मुलगा जाऊ दे, ज्याच्या तोंडून पुढची तीन वर्षं ती गोष्ट हजारो लोक ऐकणार आहेत. स्पॅनिशची अडचण वाटत असेल तर पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात आणि इतरत्र स्पॅनिश शिकणारी मुलं आहेत. त्यांतल्या एखाद्याला उन्हाळी कामावर घ्या. तीन आठवडे पुरतात. जाणाऱ्याचं विमानभाडं पाठवणाऱ्याने द्यावं, राहणं-जेवण बोलावणाऱ्याने पाहावं. मात्र व्हिसाच्या बाबतीत हयगय नको. पर्यटक व्हिसावर कुठल्याही देशात बागेत मजुरी करता येत नाही, ‘मदत म्हणून’ केली तरी ते कामच ठरतं. निमंत्रणपत्रात प्रशिक्षण, अभ्यासभेट असं जे खरोखर आहे तेच लिहावं आणि त्याला लागेल तोच व्हिसा काढावा.

करार मोठा नको, दोन पानं पुरे. दोन्हीकडून निर्णय कोण घेणार याची नावं, एकमेकांची छायाचित्रं कुठे वापरता येतील, एकाने पाठवलेल्या पाहुण्याच्या बुकिंगवर दुसऱ्याने किती कमिशन द्यायचं, बुकिंग रद्द झालं तर पैसे कुणाचे, आणि दोन वर्षांनी थांबायचं असेल तर कसं थांबायचं. शेवटचं कलम लिहायला लोक संकोचतात. ते लिहिलेलं असलं की दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलतात. महिन्यातून एकदा फोन ठरवून टाका. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे अर्जेंटिनात सकाळचे दहा. आर्मेनिया आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. त्या फोनवर विक्रीपेक्षा शेतीचं बोलणं जास्त होऊ द्या. गारपीट हा दोन्हीकडचा जुना शत्रू आहे. अर्जेंटिनातल्याच मेंडोझाच्या बागांवर गारांपासून वाचवणाऱ्या जाळ्या सर्रास दिसतात. केवडा रोगाबद्दल मात्र काफायातेचा माणूस फार काही सांगू शकणार नाही, कारण त्याच्याकडे वर्षाला अडीचशे मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो. तो तुमच्याकडूनच शिकेल.

मुक्काम वाढवण्याचा एक धडा कोलोमेकडून जरूर घ्यावा. साल्ताहून तिथे पोचायला डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने बरेच तास लागतात. तिथे २००९ मध्ये जेम्स टरेल या प्रकाशशिल्पकाराचं संग्रहालय उघडलं. त्यातली छताला आकाशाकडे खिडकी असलेली खोली खऱ्या अर्थाने अनुभवायची ती सूर्यास्ताच्या वेळी. म्हणजे पाहुणा अंधार पडेपर्यंत थांबतो आणि अंधारात तो घाट उतरायला कुणी निघत नाही. आपल्याकडे टरेल नाही, पण जानेवारीच्या पहाटेची काढणी आहे. थंडीत डोक्याला दिवा लावून घड तोडायचे, क्रेट भरायचे आणि ऊन वर येण्याआधी क्रशरकडे न्यायचे. हे पाहायचं तर आदली रात्र बागेतच काढावी लागते. परदेशी भागीदाराचा माणूस त्या पहाटे बागेत असेल आणि तो आपल्या गावची काढणी सांगत असेल, तर त्या रात्रीच्या खोल्या रिकाम्या राहणार नाहीत असं मला वाटतं.

तुमचे पाहुणे उंच प्रदेशात पाठवत असाल तर तब्येतीची काळजी ही तुमची जबाबदारी आहे, तिकीट काढून देणाऱ्याची नव्हे. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो: डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं. साल्ताहून कोलोमेच्या वाटेवरच्या काची गावाला जाणारा रस्ता ३,३०० मीटरहून उंच खिंडीतून जातो. म्हणून आधी काफायातेत दोन रात्री, मग कोलोमे आणि वरची बाग शेवटी. उंचावर पोचल्याच्या पहिल्या दिवशी वाइन नाही, भरपूर पाणी, हलकं जेवण. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. टोपी आणि सनस्क्रीन चैन म्हणून नाही, गरज म्हणून. स्थानिक लोक उंचीच्या त्रासावर कोकाची पानं चघळतात आणि पाहुण्यांनाही देतात. तिथे ते चालतं. भारतात मात्र ही पानं बाळगणं अंमली पदार्थविषयक कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा बॅगेत एकही पान परत येता कामा नये हे गटाला स्पष्ट सांगा.

मोठ्या जाळ्यांमध्ये शिरायची घाई करू नये. ‘ग्रेट वाइन कॅपिटल्स’ हे शहरांचं जाळं १९९९ पासून आहे आणि मेंडोझा त्याचा सदस्य आहे, पण ती शहरांची आणि संस्थांची गोष्ट. एका वायनरीला तिथे थेट जागा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेची वाइन पर्यटन परिषद २०१६ मध्ये जॉर्जियात सुरू झाली, पुढच्या वर्षी मेंडोझाला झाली आणि २०२४ मध्ये आर्मेनियात. तिथे माणसं भेटतात, जावं. पण सांगण्यासारखं एखादं वर्षाचं काम हातात असताना जावं, म्हणजे नुसत्या कार्डांची देवाणघेवाण होत नाही.

पहिलं पत्र कधी पाठवायचं हे समोरच्याच्या हंगामावर ठरवा. काढणीच्या महिन्यांत आलेलं पत्र कुणी वाचत नाही. कालचाकीला जून-जुलैमध्ये लिहा, तिथे तेव्हा हिवाळा आणि छाटणी असते. आओस्ता आणि आर्मेनियाला नोव्हेंबरच्या मध्यानंतर. पत्र एका पानाचं, त्यांच्या भाषेत, आणि एखाद्या संघटनेला नाही तर एका वायनरीच्या किंवा सहकारी तळघराच्या नावाने. मोर्जे-ला सालची बरीच वाइन सहकारी संस्था बनवते, आणि सहकार काय असतो हे महाराष्ट्रातल्या माणसाला कुणी शिकवायला नको, तेही लिहा. पत्रासोबत तुमच्या मांडवाचे तीन फोटो जोडा: एक छाटणीनंतरचा, एक भर पावसातला आणि एक घड लगडलेला. शेवटी एकच प्रश्न विचारा: तुमच्या मांडवाची उंची किती आणि ती तेवढीच का?